गुडघा नवा, मग दुखणं कसलं?

“दुखणारच की! एवढं हाड कापलंय, दुखायचं नाही तर काय?”

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या घरात हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. भेटायला आलेल्या बायका म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, फोनवरून नणंद म्हणते. मीही म्हणत होते. वाक्य तसं खोटं नाही. पण याच वाक्यापायी आमच्या घरी तीन दिवस फुकट गेले. त्या तीनाचे तीस झाले असते, तर सासूबाईंचा नवा कोरा गुडघा काढून टाकायची पाळी आली असती. म्हणून हा अनुभव लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय, त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून वाचावा.

सासूबाईंचं वय तेव्हा ६७. पंधरा वर्षं गुडघ्यांच्या झिजेने बेजार झालेल्या. आधी पाट सुटला, मग देवापुढची मांडी सुटली. आमच्या साताऱ्याच्या घराचा दहा पायऱ्यांचा जिना त्यांना अजिंक्यतारा वाटायला लागला. “संक्रांत झाली की करू” असं तीन संक्रांती म्हणून झाल्यावर, अखेर दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पुण्याला जाऊन उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. चौथ्या दिवशी घरी आलो. चौदाव्या दिवशी टाके निघाले. विसाव्या दिवशी तर वॉकर घेऊन त्या स्वयंपाकघरात आल्या आणि टेबलाशी बसून किलोभर मटार सोलून दिले. आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

तेविसाव्या दिवशी माझं हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलेलं. सासूबाई खुर्चीत बसून सगळ्यांशी हसून बोलल्या. रात्री मात्र मला त्यांच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. उठून गेले तर म्हणाल्या, “काही नाही गं, बसून बसून झालं असेल. झोप तू, सकाळी शाळा आहे तुझी.” दुसऱ्या दिवशी व्यायाम नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी जेवणावरची वासना गेली. शेजारच्या काकू निरगुडीचं तेल घेऊन आल्या. “थंडी पडलीय, वारं धरलंय,” म्हणाल्या. आमच्या ह्यांचं म्हणणं, “पुढच्या सोमवारी तपासणीला जायचंच आहे. तेव्हा सांगू डॉक्टरांना.”

मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारलं, “आई, नक्की कसं दुखतंय?”

“ठसठसतंय गं. गळू झाल्यासारखं.”

मी दुपारच्या शाळेत मराठी शिकवते. शब्दांकडे लक्ष द्यायची सवय आहे, एवढीच काय ती माझी विद्या. परवापर्यंत आई “रग लागते”, “ओढ बसते” असं म्हणत होत्या. आज शब्दच बदलला होता. मी उठून व्रण नीट पाहिला. त्याच्या खालच्या टोकाला रुपयाएवढी जागा लाल होती आणि गाऊनला आतून पिवळट, ओलसर डाग होता. ताप म्हणावा तर शंभरच्या आतच.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गोळी द्यायच्या आधी काय वाटलं कोण जाणे, मी पुण्याच्या हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “गोळी दिली का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “देऊ नका. आज रात्रीच घेऊन या. आधी गुडघ्यातलं पाणी काढून बघू, मग गोळी.”

असं का, ते मला नंतर समजलं. तेच इथे सांगते.

दुखणं साधं कोणतं?

हे ऑपरेशन म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक तासून त्यावर धातूच्या टोप्या बसवायच्या आणि मध्ये गादीसारखं प्लॅस्टिक घालायचं. तेव्हा दुखणं अटळच. पहिले दोन आठवडे ते जोरात असतं, रात्री जास्त. व्यायामानंतर सूज वाढते, पाय उंच ठेवून बर्फाने शेकलं की उतरते. सहा आठवड्यांपर्यंत पुष्कळ कमी होतं, तीन महिन्यांत माणूस बऱ्यापैकी हिंडूफिरू लागतं. पूर्ण बरं वाटायला मात्र वर्ष लागू शकतं. गुडघा हाताला थोडा गरम लागणं काही महिने चालतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, कारण तिथली बारीक शीर कापली जाते. त्याने घाबरू नये.

या सगळ्यात एकच खूण पक्की लक्षात ठेवायची. साधं दुखणं दिवसागणिक उतरतं. एखादा दिवस मागे-पुढे होईल, पण आठवड्याचा हिशेब मांडला तर उतारच दिसला पाहिजे. उतरत आलेलं दुखणं एकाएकी चढायला लागलं, किंवा त्याची जात बदलली, की ते “दुखणारच” या खात्यात टाकायचं नाही. मग ते कशाचं आहे हे शोधायलाच हवं.

दुखण्याचं नाव आणि गाव

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. रग, ओढ, कळ, चमक, ठणका, ठसठस, आग, मुंग्या, शिणक. आपण बायका ते अचूक वापरतो, पण फक्त एकमेकींशी बोलताना. डॉक्टरांसमोर गेलं की सगळ्याचं एकच होतं, “दुखतंय हो.” आणि डॉक्टरांना तर निदानाचा अर्धा रस्ता आपल्या बोलण्यातूनच सापडत असतो. दुखतं कुठे, कधी, कशाने वाढतं, कशाने थांबतं, हे कळलं की पुढच्या तपासण्या कुठल्या करायच्या ते ठरतं. म्हणून वेगवेगळ्या दुखण्यांची नावं-गावं समजून घेऊ.

ठसठस आणि ठणका, तोही बसल्याजागी, रात्री झोपेतून उठवणारा: याने जंतूंची, म्हणजे इन्फेक्शनची शंका येते. सोबत लाली, व्रणातून पाणी येणं, कसकस, अन्न नको होणं. मोठा ताप येतोच असं नाही, आमच्याकडे आला नव्हता. शंभरात एखाद-दुसऱ्यालाच हे होतं, पण मधुमेह असेल तर धोका जास्त. आणि हे सगळ्यांत आधी तपासायचं असतं, कारण इथे वेळेला किंमत आहे.

पोटरीत कळ: पोटरी घट्ट, सुजलेली, दाबलं की दुखणारी झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. पहिल्या काही आठवड्यांत हा धोका अधिक. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी करतात. अशी पोटरी चोळायची नाही, तेल लावून तर मुळीच नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर धाप लागते, छातीत दुखतं. मग उद्याची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिलेल्या असतात, त्या “आता बरं आहे” म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

एकाएकी जबरदस्त कळ: पडल्यावर, पाय मुरगळल्यावर, किंवा काही कारण नसताना “कट्” असा आवाज होऊन कळ आली, पायावर भार देता येईना, पाय सरळ उचलता येईना, तर हाडाला चीर गेलेली असू शकते किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा सुटलेला असू शकतो. याचा निवाडा एक्स-रे आणि डॉक्टरांचा हात करतो. तोवर रोग्याला चालवायचं नाही.

गुडघ्याच्या समोर, जिना चढता-उतरताना किंवा खुर्चीतून उठताना दुखणं: हे बहुधा वाटीचं आणि मांडीच्या कमजोर स्नायूंचं असतं. व्यायामाने सुधारण्यासारखं.

गुडघा वाकेचना, वाकवायला गेलं की ताण बसून दुखतं: सांध्यात आतून जाळं धरून तो आखडतो. दुखतं म्हणून व्यायाम टाळायचा, टाळला म्हणून आणखी आखडायचा, असं हे चक्र. वेळेत दाखवलं तर पहिल्या तीन महिन्यांत भूल देऊन गुडघा मोकळा करून देता येतो.

आग, मुंग्या, साडीचा पदर लागला तरी सहन न होणं: हे शिरांचं दुखणं. कातडीचा रंग बदलतो, पाय कधी गार तर कधी गरम लागतो, घाम येतो. साध्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, औषधं निराळी असतात.

मांडीतून किंवा कमरेतून उतरत येणारी कळ: आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या आईला चार महिने “नवा गुडघा” दुखत होता. गुडघ्याच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ. शेवटी एका डॉक्टरांनी खुबा फिरवून पाहिला आणि बाई ओरडल्याच. खुब्याचा सांधा झिजला होता आणि कळ गुडघ्यात दाखवत होता. मणक्याची दबलेली शीरसुद्धा असंच सोंग घेते. म्हणून गुडघा दुखतो म्हणणाऱ्या रोग्याची कंबर आणि खुबा तपासणारे डॉक्टर भेटले तर त्यांना वेड्यात काढू नका.

आणि काही वर्षांनी: बसून उठल्यावर पहिली चार पावलं दुखतात, मग चालताना बरं वाटतं, असं सुरू झालं, तर बसवलेला भाग सैल झाला आहे का ते पाहावं लागतं.

पाणी आधी, गोळी मागून

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते. रात्री साडेअकराला पुण्याला पोहोचलो. रक्त घेतलं, एक्स-रे काढला. एक्स-रे अगदी छान आला. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “एक्स-रेत धातू आणि हाड दिसतं. जंतू दिसत नाहीत.” हे मला नवीनच होतं. एक्स-रे चांगला म्हणजे सगळं चांगलं, असं आपण धरून चालतो.

रक्तात त्यांनी सीआरपी नावाची तपासणी केली. ऑपरेशननंतर ही सगळ्यांचीच वाढते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरून जागेवर येते. म्हणून एकच आकडा बघून चालत नाही. आधीच्या कागदाशी ताडून तो उतरतोय की चढतोय हे बघायचं असतं. टाके काढताना केलेला रिपोर्ट मी फायलीत ठेवला होता म्हणून बरं. उतरलेला आकडा पुन्हा वर गेला होता.

मग जागा निर्जंतुक करून सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. ते निवळ असायला हवं, ते गढूळ होतं. त्यात पांढऱ्या पेशी किती ते मोजतात आणि जंतू वाढवून कुठला आहे, कुठल्या औषधाला दाद देतो ते ठरवतात. याला काही दिवस लागतात. गाउटसारख्या दुखण्याचे खडेही त्याच पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ते जंतूंसारखंच सोंग आणतं, पण उपचार अगदी वेगळा.

आता गोळी आधी का द्यायची नाही ते कळेल. पाच दिवस अँटिबायोटिक पोटात गेलं असतं, तर वरची लाली गेली असती, डाग वाळला असता, आम्ही सगळे हुश्श म्हणालो असतो. पण जंतू आत राहिले असते, आणि पुढे पाणी काढलं तरी त्यात ते धड सापडले नसते. चोर घरातच, फक्त त्याची पावलं पुसलेली, अशी गत. मात्र एक सांगते. थंडी वाजून ताप चढला, रोगी ग्लानीत गेला, तर कुठली गोळी आधी याचा विचार घरी करत बसायचा नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं. तिथे ते पाणी आणि रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात.

वेळेची किंमत कशी, तेही डॉक्टरांनी समजावलं. जंतू धातूवर चिकट थर धरतात. आपण माठ बरेच दिवस घासला नाही तर आतून कसा बुळबुळीत थर धरतो! नुसतं पाणी बदलून तो जात नाही. तसंच नुसतं औषध त्या थराच्या आत पोहोचत नाही. पहिल्या काही आठवड्यांत सापडलं तर गुडघा उघडून, स्वच्छ धुऊन, मधली प्लॅस्टिकची गादी बदलून धातू वाचवता येतो. थर पक्का झाला की सगळं काढून टाकायचं, मध्ये काही महिने औषध भरलेलं सिमेंट ठेवायचं आणि मग पुन्हा नवा गुडघा. म्हणजे एकाची दोन ऑपरेशनं, खर्च दुप्पट, आणि म्हाताऱ्या माणसाचे हाल वेगळेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईंचा गुडघा धुतला, गादी बदलली. काही आठवडे शिरेतून औषध, मग गोळ्या, असे एकूण तीन महिने काढले. माझी रजा संपली, बिनपगारी झाली. लेकीची चौथीची परीक्षा तिच्या बाबांनीच घेतली. पण गुडघा वाचला.

न सांगितलेलं दुखणं

हॉस्पिटलात एका रात्री मी रागावूनच विचारलं, “आई, तीन दिवस बोलला का नाहीत?”

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “एवढा पैसा घातलात. तू शाळा सांभाळून माझं उठणं-बसणं करत होतीस. आणि मी परत म्हणू, दुखतंय? कुठल्या तोंडाने?”

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्याला मीही जबाबदार होते. पहिल्या आठवड्यात त्या “दुखतंय” म्हणाल्या की मीच म्हणत होते, “अहो आई, दुखणारच.” दहा वेळा हे ऐकल्यावर अकराव्या वेळी कोण सांगेल? आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचं कौतुक होतं आणि बोलणारीला नाजूक म्हणतात. आजारपणात हेच अंगाशी येतं. तेव्हापासून मी “दुखणारच” हा शब्द टाकला. त्याऐवजी विचारते, “कालच्यापेक्षा कसं आहे?” उत्तरात सगळं कळतं.

एक साधी वही

ऑपरेशनच्या दिवसापासून एक शंभर पानी वही घाला. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटांचं काम आहे.

१. दुखणं दहापैकी किती, आणि रोग्याच्या तोंडचा शब्द कोणता, जसाच्या तसा लिहा. “ठसठस” म्हणाल्या तर “ठसठस”च लिहा.

२. कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवायला सांगा. बसल्याजागी, चालताना, की झोपेत?

३. ताप थर्मामीटरने बघून आकडा लिहा. हात लावून “कणकण वाटतेय” असं नको.

४. शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या रोज एकाच जागी मोजा. जागेवर पेनाने खूण करा. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, पण आकडा एकदम वाढला तर त्याच दिवशी फोन करा.

५. व्रणाचा रोज एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. दिवसाच्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून. लाली पसरतेय की ओसरतेय ते फोटोच सांगतो. टाके वाळल्यावर व्रणातून पुन्हा पाणी आलं, तर थेंब असला तरी तो मोठा समजा.

६. दुखण्याची गोळी किती वाजता दिली तेही लिहा. मधुमेह असेल तर साखरही. कारण नसताना साखर वाढू लागली तर तीही चाहूल असते.

आणि ताज्या व्रणावर हळद, लेप, तेल, गरम शेक काहीही नको. प्रेमाने आणलेलं असलं तरी नको. काकूंचं निरगुडीचं तेल मी ठेवून घेतलं, आता माझ्या खांद्याला लावते.

हेही सांगायला हवं की शंभरातल्या दहा ते वीस जणांना ऑपरेशन नीट होऊनही थोडंफार दुखणं पुढे राहतं, आणि सगळ्यांचंच कारण सापडतं असं नाही. पण कारण न सापडणं वेगळं आणि न शोधणं वेगळं. नुसतं दुखतंय म्हणून, कारण कळल्याशिवाय पुन्हा ऑपरेशनला घाईने उभं राहायचं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं.

आई आता रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जातात. जमिनीवर मांडी घालत नाहीत, खुर्चीवर बसून जप करतात. परवा समोरच्या घरातल्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आई भेटायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. आजी म्हणाल्या, “दुखतंय हो फार.” जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी सवयीने म्हणालंच, “दुखणारच!”

आईंनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “कसं दुखतंय? नीट सांगा बघू मला.”